सत्कारानंतरचे वाचन

पुण्यात मार्च महिना हा स्त्रियांच्या सत्काराचा महिना असतो. ८ मार्चच्या आगेमागे महाविद्यालये, बँका, ज्येष्ठ नागरिक संघ, गृहनिर्माण संस्था, सगळीकडे शाली आणि श्रीफळे फिरत असतात आणि मराठीच्या प्राध्यापिकांना ‘दोन शब्द’ बोलण्याची आमंत्रणे येत असतात. २०२३ च्या मार्चमध्ये अशाच एका छोट्या समारंभाला मी गेले होते. सत्कारमूर्ती होत्या पुण्यात शिकणाऱ्या काही अफगाण विद्यार्थिनी. अफगाण स्त्रियांचे हक्क आणि त्यांचे कर्तृत्व यांचा गौरव करावा, हा कार्यक्रमाचा हेतू होता. नवरोज जवळ आला होता म्हणून मुलींनी ‘हफ्त मेवा’ करून आणला होता. बदाम, अक्रोड, मनुका, जर्दाळू असा सात प्रकारचा सुका मेवा रात्रभर पाण्यात भिजवून तो करतात. व्यासपीठामागच्या फलकावर मलाला युसुफझाईचे मोठे छायाचित्र होते.

मी सावित्रीबाईंविषयी बोलले. १८४८ सालची भिडेवाड्यातली शाळा, अंगावर आलेले शेणगोळे, पिशवीतले दुसरे लुगडे, हे सारे सांगितले आणि शेवटी म्हणाले, “तुमच्याही देशाला लवकरच एक सावित्री मिळो.” टाळ्या वाजल्या. चहाच्या वेळी त्यांतली एक मुलगी जवळ आली. आमचे बोलणे हिंदीतून चालले होते, पण मला हाक मारताना तिने स्वतःच्या भाषेतला शब्द वापरला. ती म्हणाली, “उस्ताद, आमच्याकडे सावित्री होत्या. पुष्कळ होत्या. तुम्हाला त्यांची नावे माहीत नाहीत, इतकेच.” थोडे थांबून, फलकाकडे पाहत ती हळूच म्हणाली, “आणि मलाला पाकिस्तानची आहे.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते मला अधिक लागले. वीस वर्षे साहित्य शिकवणाऱ्या बाईला एका संपूर्ण देशातल्या एकाही लेखिकेचे नाव सांगता येऊ नये आणि तरीही तिने त्या देशातल्या स्त्रियांच्या कर्तृत्वावर भाषण करावे, हे कसे घडते? या लेखात मला तो प्रश्न स्वतःला आणि आपल्या व्यवसायातल्या सर्वांना विचारायचा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. पुण्यात अफगाण विद्यार्थी पुष्कळ वर्षे येत आहेत. विद्यापीठ आणि त्याच्याशी संलग्न महाविद्यालये यांतल्या परदेशी विद्यार्थ्यांत त्यांची संख्या मोठी असे. त्यांत मुले अधिक, मुली कमी. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूल घेतले. त्यानंतर दहाच दिवसांनी, जे अफगाण नागरिक त्या वेळी भारतात नव्हते त्यांचे आधी दिलेले व्हिसा भारत सरकारने रद्द ठरवले. करोनाच्या काळात घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले आणि जे इथे होते त्यांना परत जाणे अशक्य झाले. २३ मार्च २०२२ रोजी मुलींच्या माध्यमिक शाळा उघडल्या आणि त्याच दिवशी बंद केल्या गेल्या. २० डिसेंबर २०२२ रोजी विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद झाली. आमचा समारंभ झाला तेव्हा या शेवटच्या फर्मानाला जेमतेम तीन महिने झाले होते. समोर बसलेल्या मुलींच्या धाकट्या बहिणी घरी बसलेल्या होत्या. आणि यांच्या हाती जे पदवीपत्र पडणार होते त्यावर, २०१४ मध्ये झालेल्या नामविस्तारामुळे, सावित्रीबाई फुले यांचे नाव असणार होते. मी सावित्रीबाईंचे नाव काढले ते या योगायोगाच्या मोहाने. चूक नावात नव्हती. जणू त्या मुलींचा देश १८४८ सालात उभा आहे आणि आपण पावणेदोनशे वर्षे पुढून त्यांना हात देत आहोत, असे मी ते नाव घेतले, ही माझी चूक होती.

काळाचे हे गणित मुळातच खोटे आहे. काबूलमध्ये मुलींची पहिली सरकारी शाळा १९२१ च्या सुमारास राणी सुरैय्या यांच्या पुढाकाराने निघाली. त्याच सुमारास ‘इर्शाद-उल-निस्वान’ हे स्त्रियांचे नियतकालिक सुरू झाले आणि त्याचे संपादन सुरैय्यांच्या आई अस्मा रस्मिया यांनी केले. १९६४ च्या राज्यघटनेने स्त्रियांना मतदानाचा हक्क दिला. स्वित्झर्लंडमधल्या स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकांत तो १९७१ मध्ये मिळाला, हे लक्षात ठेवावे. १९६५ च्या निवडणुकीत अफगाण संसदेत चार स्त्रिया निवडून गेल्या आणि त्याच वर्षी कुब्रा नूरजाई आरोग्यमंत्री झाल्या. २००४ च्या राज्यघटनेनुसार कनिष्ठ सभागृहातल्या २४९ पैकी ६८ जागा स्त्रियांसाठी राखीव होत्या. आपल्या लोकसभेत २०२४ च्या निवडणुकीत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या. २०२३ मध्ये संमत झालेला महिला आरक्षणाचा कायदा तेव्हा लागू झालेला नव्हता, कारण त्याची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांच्याशी बांधलेली होती. अफगाण स्त्रियांच्या हातात जे होते ते हिसकावून घेतले गेले आहे. ‘अजून मिळालेले नाही’ आणि ‘हिसकावले गेले’ या दोन विधानांत फार मोठे अंतर आहे. पहिल्यात दयेला जागा असते. दुसरे विधान करणाऱ्याला, कोणी हिसकावले आणि हिसकावले जात असताना कोण गप्प बसले, असेही विचारावे लागते.

आता आपल्या ग्रंथालयातल्या कपाटाकडे वळू. मराठी वाचकाला अफगाण स्त्री भेटली ती प्रामुख्याने अनुवादांतून. खालिद हुसैनी यांच्या कादंबऱ्या, ओस्ने सायरस्टाड या नॉर्वेजियन पत्रकार बाईंचे काबूलमधल्या पुस्तकविक्रेत्याच्या कुटुंबावरचे पुस्तक, सुश्मिता बंद्योपाध्याय यांचे ‘काबुलीवाल्याची बंगाली बायको’, ही पुस्तके मराठीत आली आणि खूप वाचली गेली. काबूलमध्ये काही वर्षे राहिलेल्या प्रतिभा रानडे यांचे ‘अफगाण डायरी’ हे तर मूळ मराठीतलेच मोलाचे लेखन. या पुस्तकांविषयी मला आदर आहे. सुश्मिता बंद्योपाध्याय यांची तर २०१३ मध्ये अफगाणिस्तानातच गोळ्या घालून हत्या झाली. त्यांनी लेखनासाठी मोजलेली किंमत कोणीही कमी लेखू नये. पण ही यादी पुन्हा एकदा पाहा. एक अमेरिकास्थित अफगाण पुरुष, एक नॉर्वेजियन स्त्री, एक बंगाली स्त्री आणि एक मराठी स्त्री. चौघांनीही अफगाण स्त्रीविषयी लिहिले आहे. अफगाण स्त्रीने स्वतः लिहिलेले पुस्तक या वाटेवर मला भेटले नाही. मुखपृष्ठावर मात्र बहुतेक वेळा तीच असते, निळ्या बुरख्यातली आणि चेहरा नसलेली.

आपल्या विद्यार्थ्यांना आपण एक गोष्ट आवर्जून शिकवतो. एखाद्या समूहाविषयी लिहिलेले साहित्य वेगळे आणि त्या समूहाने लिहिलेले वेगळे. दलित साहित्याच्या चर्चेत हा भेद आपण इतक्या वेळा मांडला आहे की तो आता परीक्षेतला हमखास प्रश्न झाला आहे. मग सीमेपलीकडच्या स्त्रीला तो लावताना आपली स्मृती कशी जाते?

त्या दिवशी घरी परतल्यावर मी शोध घेऊ लागले. जे हाती आले त्याने माझे अज्ञान अधिकच ठळक केले. दहाव्या शतकातली राबिया बल्खी ही फार्सीतल्या आरंभीच्या कवयित्रींपैकी एक. तिच्याविषयीची दंतकथा सर्वत्र सांगितली जाते. भावाने तिला हमामखान्यात कोंडून मारले आणि मरताना तिने स्वतःच्या रक्ताने भिंतीवर कविता लिहिली, अशी ती कथा. हजार वर्षांनंतरची नादिया अंजुमन हिची कथा मात्र दंतकथा नाही. तिचा जन्म १९८० चा, हेरातचा. १९९६ ते २००१ या तालिबानच्या पहिल्या राजवटीत मुलींच्या शाळा बंद होत्या, पण शिवणकाम शिकायला परवानगी होती. हेरातमध्ये ‘सोनेरी सुई’ नावाचा शिवणवर्ग चाले. बायका पिशवीत कापड घेऊन येत आणि कापडाखाली वही असे. आत विद्यापीठातले प्राध्यापक मुहम्मद अली रहयाब साहित्य शिकवत आणि बाहेर खेळणारी मुले कोणी येत नाही ना याकडे लक्ष ठेवत. नादिया त्या वर्गात घडली. तालिबान गेल्यावर ती विद्यापीठात शिकली, २००५ मध्ये ‘गुल-ए-दूदी’ हा तिचा संग्रह निघाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, नवऱ्याच्या मारहाणीनंतर, तिचा मृत्यू झाला. तेव्हा ती पंचविशीत होती.

हे वाचताना मला आधी दुःख झाले, मग एक शंका आली. राबिया आणि नादिया या दोघींच्या मृत्यूचे तपशील मला आता पाठ होते. त्यांच्या कवितेविषयी मी काय सांगू शकत होते? नादिया गझल कोणत्या वळणाने लिहिते, तिची प्रतिमासृष्टी कोणती, फार्सी गझलेतला आशिक जेव्हा स्त्री होतो तेव्हा त्या भाषेत काय बदलते, यांतले काहीच नाही. मृत्यूची कथा कवितेच्या दाराशी उभी राहते आणि आपल्याला आत जाऊच देत नाही. हे आपल्याकडेही झाले आहे. आनंदीबाई जोशी यांचा १८८७ मधला अकाली मृत्यू आपल्याला ठाऊक असतो, पण १८८६ मध्ये पदवी घेताना त्यांनी कोणत्या विषयावर प्रबंध लिहिला हे सहसा कोणाला आठवत नाही. आर्य हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र हा तो विषय होता. उलट लक्ष्मीबाई टिळकांकडे आपण बळी म्हणून पाहत नाही. त्यांच्या आयुष्यात दुःख कमी होते असे नाही, पण ‘स्मृतिचित्रे’ आपण वाचली आहेत. त्यांचा विनोद आणि त्यांची वाक्यरचना आपल्या कानात आहे. वाचलेल्या लेखिकेची कीव करणे कठीण जाते.

याहून जवळचा धागा मला सापडला तो लंडईत. लंडई हा पश्तू लोककाव्याचा प्रकार. फक्त दोन ओळी, पहिलीत नऊ अक्षरे आणि दुसरीत तेरा. शब्दाचा अर्थ आखूड विषारी साप असा सांगतात. रचणारीचे नाव नसते. पाणी भरताना, लग्नात, वियोगात ती एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी जाते. विषय प्रेम, विरह, युद्ध, देश, आणि म्हाताऱ्या किंवा भित्र्या नवऱ्याची निर्भय थट्टा. १८८० मध्ये कंदाहारजवळच्या मैवंद येथे अफगाणांनी इंग्रजांच्या फौजेचा पराभव केला. त्या रणांगणावर पळू लागलेल्या पुरुषांना लंडई म्हणून लाजवणारी मलालई हे अफगाण लोकस्मृतीतले मोठे नाव. मलाला युसुफझाईला तिचेच नाव दिलेले आहे. त्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या. आमच्या फलकावरच्या छायाचित्रामागे इतका इतिहास उभा होता आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

मराठीच्या अभ्यासकाला लंडई वाचताना जात्यावरची ओवी आठवल्यावाचून राहणार नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आणि आता त्या ‘पारी’च्या संग्रहातून सर्वांना ऐकता येतात. पश्तू लंडयांचे असेच एक महत्त्वाचे संकलन सय्यद बहाउद्दीन मजरूह यांनी केले. १९८८ मध्ये पेशावरला त्यांची हत्या झाली. दोन्ही ठिकाणी बाई घरातल्या कामात असताना, पुरुषाच्या कानाआड, जे उघड बोलता येत नाही ते छंदात बोलते. पण एक फरक महत्त्वाचा आहे. आपल्या संकलनात ओवी सांगणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदले गेले. लंडईच्या बाबतीत नाव नसणे हीच तिची ढाल आहे. ‘मिरमन बहीर’ या काबूलमधल्या स्त्रियांच्या साहित्यमंडळाच्या बैठकांना शहरातल्या स्त्रिया प्रत्यक्ष येत, तर दूरच्या प्रांतांतल्या मुली चोरून दूरध्वनी करून कविता सांगत आणि पुष्कळजणी खोटे नाव घेत.

नावाचा हा प्रश्न आमच्या समारंभातही आला होता, पण तेव्हा मला तो कळला नाही. शाली देऊन झाल्यावर छायाचित्रासाठी सर्वांना ओळीत उभे केले, तेव्हा दोन मुली हळूच मागे सरकल्या. वृत्तपत्राला बातमी द्यायची म्हणून संयोजकांनी पूर्ण नावे आणि गावे विचारली, तेव्हा एकीने फक्त पहिले नाव सांगितले. तिच्या घरचे लोक अजून तिकडे होते. आम्हाला वाटले, मुली लाजाळू आहेत. सत्कार नावावाचून होत नाही. त्याला चेहरा, छायाचित्र, बातमी लागते. ज्यांचे नाव छापणे हेच त्यांच्या माणसांसाठी धोक्याचे, त्यांचा गौरव मग करायचा कसा?

मला सुचलेले उत्तर साधे आहे. त्यांनी आणि त्यांच्या देशातल्या स्त्रियांनी लिहिलेले वाचावे. वाचनाला छायाचित्र लागत नाही. लंडईला तर कवयित्रीचे नावही लागत नाही.

यावर एक आक्षेप येईल. बायकांना घरात कोंडले जात असताना कविता कसल्या वाचता? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण तालिबानने नेमके काय काय बंद केले आहे ते पाहावे. ऑगस्ट २०२४ च्या कायद्याने स्त्रीचा आवाजदेखील झाकून ठेवण्याची गोष्ट ठरवला. सप्टेंबर २०२५ मध्ये विद्यापीठांतून काढून टाकायच्या पुस्तकांची यादी जगासमोर आली. तिच्यातल्या सुमारे ६८० पुस्तकांपैकी सुमारे १४० स्त्रियांनी लिहिलेली होती. पुस्तके कोणत्या विषयांवरची आहेत हा पुढचा प्रश्न, ती बायकांनी लिहिली आहेत हाच दोष. ज्या राजवटीला स्त्रीने लिहिलेल्या पानाची इतकी भीती वाटते, तिच्यापुढे ते पान वाचणे ही हौस उरत नाही. अर्थात वाचनाने कोणाची शाळा उघडणार नाही. त्यासाठी व्हिसा, शिष्यवृत्त्या आणि सरकारांवरचा दबाव लागतो आणि ते मागणे हे नागरिक म्हणून आपले काम आहेच. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये तालिबानच्या दोन प्रमुखांविरुद्ध स्त्रियांच्या छळाबद्दल अटक वॉरंट काढले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १० ऑक्टोबर २०२५ रोजी, तालिबानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी दिल्लीत घेतलेल्या पत्रकार परिषदेत एकही स्त्री पत्रकार नव्हती. देशभर टीका झाली आणि दोन दिवसांनी दुसरी परिषद झाली तेव्हा स्त्रिया पहिल्या रांगेत बसल्या. टीकेचा उपयोग होतो, एवढे तरी त्यातून दिसले.

क्रिकेटचे उदाहरण आपल्या दारातले आहे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी गहुंजेच्या मैदानावर अफगाणिस्तानने विश्वचषकात श्रीलंकेला सात गडी राखून हरवले आणि पुणेकरांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मीही दूरचित्रवाणीवर तो सामना पाहिला. त्याच देशाच्या मंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये २५ स्त्री खेळाडूंशी करार केले होते आणि त्यांतल्या बहुतेकींना २०२१ मध्ये देश सोडून ऑस्ट्रेलियात आसरा घ्यावा लागला होता, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. त्यांना एकत्र येऊन पहिला सामना खेळता आला तो ३० जानेवारी २०२५ रोजी, मेलबर्नला, आणि तोही आपल्या देशाचा अधिकृत संघ म्हणून नव्हे.

दुसरा एक धोका सांगितला पाहिजे. अफगाण स्त्रीचे दुःख दुसऱ्याच कामासाठी वापरण्याची जुनी रीत आहे. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी नभोवाणीवरून तिच्याविषयी कळवळ्याने बोलल्या, तेव्हा युद्ध सुरू झालेले होते. आपल्याकडे हेच दुःख शेजारच्या मुसलमान घराला टोचण्यासाठी वापरले जाते आणि वापरणाऱ्यांना एरवी कोणत्याच स्त्रीच्या हक्कांशी देणेघेणे नसते. यातून सुटण्याचा मार्गही पुन्हा वाचनाचाच आहे. कारण स्वतः बोलणारी स्त्री कोणाच्याच सोयीचे बोलत नाही. २०२२ मध्ये ‘माय पेन इज द विंग ऑफ अ बर्ड’ हा १८ अफगाण लेखिकांच्या कथांचा, दारी आणि पश्तूमधून इंग्रजीत आणलेला संग्रह निघाला. त्यातल्या स्त्रिया नोकरीला जातात, बसची वाट पाहतात, एकमेकींचा मत्सर करतात, बॉम्बस्फोटानंतर माणसे शोधतात. त्या गटातल्या लेखिकांनी काबूल पडल्यानंतर एकमेकींना पाठवलेल्या संदेशांची सामूहिक रोजनिशी ‘माय डिअर काबूल’ या नावाने २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ही दोन पुस्तके आपल्या पदव्युत्तर वर्गात अनुवादाभ्यासासाठी लावायला कोणती अडचण आहे?

खरे तर मला याच्याही पुढे जाऊन बोलायचे आहे. हे सारे इंग्रजीच्या दारातूनच का आणायचे? माधव जूलियन फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सी शिकवत होते. त्यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ १९२५ चा. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी थेट फार्सीवरून मराठीत आणल्या आणि फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरूनही वेगळा अनुवाद केला. दोन्ही शेजारी ठेवून वाचणाऱ्याला मधल्या भाषेने काय काय बदलले हे समजते. दारी ही फार्सीचीच अफगाणिस्तानातली बोली. माधवरावांना कोश रचावा लागला. आपल्या शहरात ती भाषा बोलणाऱ्या सुशिक्षित मुली आपल्याच विद्यापीठाच्या उपाहारगृहात बसलेल्या असतात. त्यांना हिंदी कळते, पुष्कळजणींना थोडे मराठीही. मराठी विभागातला एक विद्यार्थी आणि दारी किंवा पश्तू जाणणारी एक विद्यार्थिनी अशी जोडी बसली, तर वर्षभरात पंचवीस लंडया आणि दहा कविता मराठीत आणणे अवघड नाही. त्यासाठी सभागृह लागत नाही आणि शालही लागत नाही. मात्र त्या मुलीला साहाय्यक न मानता सहअनुवादक मानावे, तिला मानधन द्यावे आणि नाव छापायचे की नाही हे तिचे तिला ठरवू द्यावे.

शब्दांची ओळख तर आधीपासूनची आहे. ज्या ‘हफ्त’ मेव्याचा मी आस्वाद घेतला त्या ‘हफ्त’ म्हणजे सातवरून आपला ‘हप्ता’ आला. अफगाण शाळेतला विद्यार्थी ‘शागिर्द’ असतो आणि तो शब्द आपल्या ओळखीचा आहे. स्त्रीचा जो ‘आवाज’ कायद्याने झाकला गेला तो शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. दारीत गाणाऱ्याला ‘आवाजख्वान’ म्हणतात. आणि ‘उस्ताद’ म्हणजे आपला तालमीतला ‘वस्ताद’. मराठीत तो नेहमी पुरुषच असतो. दारीत महाविद्यालयात शिकवणारी बाईसुद्धा ‘उस्ताद’ असते. मला आयुष्यात त्या नावाने हाक मारणारी ती पहिलीच मुलगी होती.

शेवटी पुन्हा सावित्रीबाईंकडे येते, कारण त्यांचे नाव घेतले ही माझी चूक नव्हती असे मी वर म्हटले आहे. फुले दांपत्याच्या कार्याचा खरा पुरावा वाड्यात शोधायचा नसतो. भिडेवाड्याची जुनी इमारत २०२३ च्या डिसेंबरमध्ये स्मारकासाठी पाडली गेली. पुरावा आहे तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापलेल्या, मुक्ता या चौदा वर्षांच्या मातंग विद्यार्थिनीच्या निबंधात. शाळा निघाल्यापासून अवघ्या सात वर्षांत विद्यार्थिनी स्वतः लिहू लागली, आपल्या समाजाच्या दुःखाची कारणे नावानिशी सांगू लागली आणि तिने कोणाची दया मागितली नाही. शिकवणारीनेही १८५४ मध्ये ‘काव्यफुले’ प्रसिद्ध केले होते. पुण्याचा वारसा सांगायचा तर तो असा आहे. शिकलेली मुलगी बोलते आणि तिचे बोलणे छापले जाते, वाचले जाते. आपल्यातल्या किती जणांनी मुक्ताचा तो निबंध मुळातून वाचला आहे, हा प्रश्न इथे टाळता येणार नाही. आपण आपल्या सावित्रींनाही हार घालतो आणि न वाचताच घरी जातो.

त्या मुलीने मला सांगितलेली नावे मी तेव्हा एका निमंत्रणपत्रिकेच्या मागे लिहून घेतली होती. बारा नावे होती. त्यांपैकी पाचजणींचे काही ना काही मी आजवर वाचू शकले आहे, तेही इंग्रजीतून. पुढच्या मार्चमध्ये ‘दोन शब्द’ बोलायचे आमंत्रण आले तर भाषण न करता त्यांतल्या एखादीची कविता, जमल्यास थेट दारीवरून मराठीत आणलेली, वाचून दाखवावी असे ठरवले आहे. अनुवादासाठी मला एक सहकारी हवी आहे, आणि ती कोण हे सांगायचे की नाही, ते तीच ठरवील.